किशोरवयीन मुलींसाठी ख्रिस्ती मासिकात लिहायचं तर

नववी-दहावीतली मुलगी चर्चचं मासिक चाळते तेव्हा आधी फोटो बघते, मग कोडं. लेखाकडे वळलीच, तर पहिल्या दोन ओळींत ठरवते की हे आपल्यासाठी नाही, मम्मीसाठी आहे. बहुतेक वेळा तिचं बरोबर असतं. मुलींसाठी म्हणून छापलेले कितीतरी लेख खरं तर मुलींबद्दल, त्यांच्या आईवडिलांना उद्देशून लिहिलेले असतात. तसं होऊ द्यायचं नसेल तर कामाला कुठून लागायचं, ते सांगते.

आधी अंक मिळवा

फक्त किशोरींसाठी ख्रिस्ती मासिक काढायची पद्धत अमेरिकेत चांगली रुळली. तिथल्या फोकस ऑन द फॅमिली या संस्थेचं ‘ब्रिओ’ १९९० साली निघालं, २००९ साली थांबलं आणि २०१७ मध्ये पुन्हा सुरू झालं. आपल्याकडची ख्रिस्ती नियतकालिकं वयाने त्याहून कितीतरी मोठी. ‘ज्ञानोदय’ १८४२ चा, ‘निरोप्या’ १९०३ चा. वसईच्या ‘सुवार्ता’चं संपादन फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी वर्षानुवर्षं केलं. पण हे सगळे अख्ख्या घराने वाचायचे अंक. त्यामुळे मराठीत लिहिताना मुलींचं एखादं पान किंवा सदर डोळ्यांसमोर ठेवा, आणि सुरुवात आपल्याच धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) किंवा मंडळीच्या पत्रकापासून करा. ठाण्यात राहा की नेरुळला, रविवारी चर्चच्या दाराशी जे काही छापील मिळतं ते घरी आणा. मागचे चार-पाच अंक मागून घ्या. लेख किती लांब असतात, तरुणांना पान देतात का, कविता घेतात का, एवढं बघितलंत तरी पुष्कळ.

पंथाचं भान हवंच. कॅथलिक अंकातल्या मुलीच्या आयुष्यात मिस्सा म्हणजे चर्चमधली उपासना, जपमाळ, दृढीकरण या संस्काराच्या तयारीचे वर्ग असतात. सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) किंवा मेथडिस्ट अशा प्रॉटेस्टंट मंडळीतल्या मुलीच्या आयुष्यात उपासना, संडे स्कूल, पाळकसाहेब. कॅथलिक बायबलात ७३ पुस्तकं, प्रॉटेस्टंट बायबलात ६६. या जादा पुस्तकांतली युदीथची गोष्ट मंडळीच्या अंकाला पाठवलीत, तर ती तिथल्या मुलींच्या बायबलात सापडायचीच नाही.

विषय मुलींकडूनच येऊ द्या

‘तुमच्या समस्या काय?’ असं विचारलंत तर मुली शाळेत शिकवलेलं उत्तर देतील: मोबाईल, अभ्यास, ताण. त्याऐवजी विचारा, ‘या आठवड्यात कशाचा राग आला?’ मग बघा.

रविवारी सकाळी साडेआठला क्लासची टेस्ट, आणि त्याच वेळी मिस्सा. मम्मी म्हणते चर्च, पप्पा म्हणतात दहावी आहे. कुणी लग्नात भेटलेल्या आंटीबद्दल बोलेल, ‘उन्हात फिरू नको, आधीच सावळी आहेस’ म्हणणाऱ्या. कुणाला एक मुलगा आवडतो, तो आपल्यातला नाही, आणि हे चर्चमध्ये कुणाला विचारावं कळत नाही.

माझ्या मते सगळ्यात कसदार आणि सगळ्यात कमी लिहिला गेलेला विषय आहे आडनावाचा. साळवे किंवा गायकवाड असलात की वर्गात प्रश्न येतो, ‘मग तू ख्रिश्चन कशी?’ डिसोझा किंवा परेरा असलात की, ‘अय्या, तुझं मराठी इतकं छान कसं?’ डिसेंबरात दोघींनाही सारखाच प्रश्न, ‘तुमच्याकडे केक असेल ना? आणि दारू पण चालते ना?’ मुलगी हसून वेळ मारून नेते. मनात मात्र ती दर वेळी स्वतःची हजेरी लावत असते, की मी इथलीच आहे. तिला ‘अभिमानाने सांग’ असं सांगणारा लेख नको आहे. दुसऱ्या एखादीने त्या क्षणी काय उत्तर दिलं, ते तिला वाचायचं आहे. ठाण्याच्या मुलींसाठी तर यात इतिहासही आणता येतो: १३२१ साली फ्रान्सिस्कन संन्यासी ठाण्यात मारले गेले, म्हणजे या गावात ख्रिस्ती माणसांचा वावर पोर्तुगीज यायच्याही आधीचा. आठशे शब्दांत हे एकदाच, एका ओळीत यावं. इतिहासाचा तास घेऊ नका.

सुरुवात अशी नको, अशी हवी

‘आजच्या तरुण पिढीला सोशल मीडियाने विळखा घातला आहे.’ हे वाक्य लिहून झालं असेल तर खोडा. त्यात मुलगीच नाही.

आता हे बघा: ‘ठाण्याहून वाशीची गाडी सुटली आणि रियाने ग्रुप उघडला. काल रात्रीच्या पार्टीचे एकोणीस फोटो. ऐरोली येईपर्यंत तिने ते दोनदा बघितले. तिला कुणी बोलावलंच नव्हतं.’

विषय तोच आहे. पण इथे वाचणारीच्या पोटात खड्डा पडतो आणि ती पुढे वाचते. पात्राचं नाव काल्पनिक ठेवा, गाडी आणि स्टेशन खरं. भाषा मुली बोलतात तशी, पण त्यांची नक्कल नको. चाळिशीतल्या लेखिकेने ‘यार’ आणि ‘क्रिंज’ पेरलं की मुली लगेच ओळखतात आणि हसतात.

वचन कुठे आणि कसं

बायबलचं वचन शेवटी शिक्क्यासारखं मारायचं, ही सवय सोडा. गोष्टीच्या पोटात शिरा. बायबलात या वयाच्या मुली आहेत, आपण त्यांच्यावरून भरभर पुढे जातो. नामान सेनापतीच्या घरातली पकडून आणलेली मुलगी (२ राजे ५): तिचं नावही दिलेलं नाही, पण सेनापती बरा होतो तो तिच्या एका वाक्यामुळे. याईराची बारा वर्षांची मुलगी: मेलेली ती जिवंत होऊन उठल्यावर येशू म्हणतो, हिला काहीतरी खायला द्या (मार्क ५:४३). डाएटच्या नादात जेवण टाळणाऱ्या मुलीपुढे हे एक वाक्य ठेवा आणि बाजूला व्हा.

माझी लाडकी म्हणजे प्रेषितांच्या कृत्यांतल्या बाराव्या अध्यायातली रुदा. तुरुंगातून सुटलेला येशूचा शिष्य पेत्र दार ठोठावतो. त्याचा आवाज ओळखून ही इतकी हरखते की दार न उघडताच आत धावते. आत सगळे पेत्रासाठीच प्रार्थना करायला जमलेत, आणि तिलाच म्हणतात, तुला वेड लागलंय. मोठ्यांनी आपलं ऐकलं नाही, हा अनुभव कुठल्या मुलीला नाही? ती मात्र खरं तेच सांगत राहते. लेख इथपर्यंत आणा. ‘म्हणून मुलींनो’ असा परिच्छेद जोडायचा मोह आवरा.

वचन कुठल्या मराठी भाषांतरातून घेतलंय ते लिहा, आणि आठवणीतून लिहू नका. पाळक सगळ्यात आधी तेच तपासतात.

नाव, फोटो, नाजूक विषय

कुणा खऱ्या मुलीचा अनुभव वापरायचा तर तिची आणि पालकांचीही परवानगी घ्या. नाव, शाळा, सोसायटी, क्लास, सगळं बदला. आपल्या समाजात ‘कळव्याची, नववीतली, क्वायरमध्ये गाणारी’ एवढं वर्णनही ओळख पटायला पुरतं. लैंगिक अत्याचाराची बळी ठरलेल्या अल्पवयीन मुलीची ओळख उघड करणं पोक्सो कायद्याने, म्हणजे २०१२ च्या कायद्याने, गुन्हा आहे. नैराश्य किंवा स्वतःला इजा करण्याबद्दल लिहिलंत, तर लेखाखाली चाइल्डलाइनचा १०९८ आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हे क्रमांक छापायला सांगा. ‘प्रार्थना कर, सगळं ठीक होईल’ एवढ्यावर असा लेख संपवू नये. प्रार्थनेबरोबर डॉक्टरकडेही जाता येतं, हे स्पष्ट लिहा.

पाठवताना

मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा, वर्डची फाइल जोडा. हस्तलिखित चालतं का, ते आधी विचारून घ्या. ईमेल चार ओळींचा पुरे: ‘सप्रेम नमस्कार. दहावीच्या वर्षात चर्च आणि क्लास यांत ओढाताण होणाऱ्या मुलींसाठी सातशे शब्दांचा लेख जोडला आहे. अप्रकाशित आहे, दुसरीकडे पाठवलेला नाही. आपल्या युवा पानासाठी विचार व्हावा.’ स्वतःच्या विश्वासप्रवासाची कहाणी त्यात नको.

नाताळचा लेख डिसेंबरात पाठवून उपयोग नाही. मासिकाचं काम आधीच उरकलेलं असतं, तेव्हा ऑक्टोबरच्या सुरुवातीला द्या. बोर्डाच्या परीक्षेवरचा नोव्हेंबर-डिसेंबरात, ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा जानेवारीत. मानधनाचं आधी विचारा, लाजू नका. चर्चच्या छोट्या पत्रकांत बहुधा ते नसतं, अंकाच्या दोन प्रती मिळतात.

लेख छापून आल्यावर एखादी मुलगी तुमचा नंबर मिळवून मेसेज करेल. तिच्याशी रात्री-बेरात्री एकटीने चॅट सुरू करू नका. उत्तर संपादकांमार्फत द्या, नाहीतर तिच्या आईला किंवा संडे स्कूलच्या टीचरना सोबत घेऊन चर्चमध्ये भेटा. ती स्वतःला इजा करण्याबद्दल किंवा तिच्यावर झालेल्या अत्याचाराबद्दल काही सांगत असेल, तर मात्र संपादकांच्या उत्तराची वाट बघत थांबायचं नाही. त्याच दिवशी १०९८ ला फोन लावायचा.