मोठ्या टाकीतल्या सिक्लिडसाठी सोबती कसे निवडावेत

सिक्लिड हे माशांचं एक मोठं कुळ आहे, आणि ऑस्कर त्यातलाच एक. दुकानात ऑस्करचं पिल्लू दोन बोटांएवढं असतं. शेजारच्या टाकीत तेवढेच यलो लॅब, तेवढेच कन्व्हिक्ट, तेवढाच जॅग्वार, तेही सिक्लिडच. सगळे एका मापाचे, एकमेकांना खेटून पोहणारे. नवा माणूस साहजिकच प्रत्येकातले दोन-दोन घेऊन येतो. काही महिने छान जातात. मग मासे वयात येतात, जागा वाटून घ्यायला लागतात, आणि एखाद्या सकाळी कोणीतरी शेपटी फाटलेल्या अवस्थेत हीटरमागे दडलेला दिसतो.

माझ्या पहिल्या मोठ्या टाकीत हेच झालं. सहा यलो लॅबसोबत मी ऑराटस या दांडग्या सिक्लिडची तीन पिल्लं सोडली होती. ऑराटसचा नर वयात आला की पिवळ्याचा काळपट होतो. त्या तिघांतला एक असा काळवंडला आणि पुढच्या तीन आठवड्यांत माझे चार लॅब गेले. तो नर त्याच्या जातीप्रमाणेच वागत होता. त्याला त्या टाकीत मी आणलं होतं. तेव्हापासून मी मासा आणण्याआधी जो क्रम पाळतो, तो इथे मांडतो.

आधी पाणी तपासा

सिक्लिडच्या १,७०० हून अधिक जातींची नोंद झालेली आहे आणि त्या फार वेगवेगळ्या पाण्यांत राहतात. आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचं पाणी अल्कधर्मी असतं, पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्क आहे याचं माप) साधारण ७.७ ते ८.६. टांगानिका सरोवराचा पीएच तर ९ च्या आसपास जातो. ॲमेझॉनच्या खोऱ्यातलं बरंचसं पाणी याच्या उलट मऊ, म्हणजे कमी क्षारांचं, आणि आम्लधर्मी असतं. मध्य अमेरिकेतले कन्व्हिक्ट, फायरमाउथ, टेक्सास हे बऱ्यापैकी जड पाण्यात सुखी असतात.

आपल्या नळाच्या पाण्याचा पीएच आणि जडपणा मोजा आणि त्याला जवळचा गट निवडा. रसायनं टाकून पीएच ओढूनताणून बदलत राहिलं की तो सतत वरखाली होतो, आणि माशाला तेच सगळ्यात जास्त बाधतं. तापमानही बघा. डिस्कसला २८ ते ३० अंश लागतात, बहुतेक इतर सिक्लिड २४ ते २७ अंशांत बरे राहतात. म्हणून डिस्कसची टाकी वेगळीच ठेवावी, असं माझं ठाम मत आहे.

आफ्रिकी आणि अमेरिकी मासे एकत्र ठेवू नका. कारण फक्त पाण्याचं नाही. फायरमाउथ भांडणात कल्ल्यांची झाकणं फुलवतो, लालभडक गळा दाखवतो आणि बहुतेक वेळा तेवढ्यावर भागवतो. मलावीचे म्बुना म्हणजे खडकांत राहणारे सिक्लिड सरळ धडक देतात. त्यांच्यापुढे फायरमाउथची नुसती धमकी टिकत नाही.

मग तळ मोजा

लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून १,००० ने भागलं की लिटर मिळतात. १८० × ६० × ६० ची टाकी ६४८ लिटरची भरते. वाळू, दगड आणि वरची मोकळी पट्टी वजा केली की प्रत्यक्ष पाणी त्याहून बरंच कमी राहतं. पण सिक्लिडच्या बाबतीत लिटरपेक्षा तळाचा विस्तार मोलाचा. बहुतेक जाती जमिनीवरची जागा अडवतात, त्यामुळे उंच पण अरुंद टाकीचा त्यांना फारसा उपयोग नसतो. कन्व्हिक्ट जेमतेम १० ते १२ सेंटिमीटरचा मासा, पण अंडी घातलेली जोडी चार फुटांच्या टाकीचा अर्धा भाग सहज बळकावते. उरलेले सगळे दुसऱ्या टोकाला गोळा होतात.

एक मुख्य मासा ठरवा आणि बाकीचे त्याच्या हिशेबाने निवडा

सगळ्यात जास्त विचार इथे करायचा असतो. “कोणते मासे एकत्र राहतात?” असा मोघम प्रश्न विचारला तर उत्तरही मोघमच मिळतं. “या एका माशासोबत कोण राहील?” असं विचारलं की निवड आपोआप आवळत येते.

समजा मुख्य मासा ऑस्कर आहे. तो ३० सेंटिमीटरच्या पुढे जातो आणि नीट सांभाळला तर दहा-बारा वर्षं जगतो. पहिली कसोटी तोंडाची. त्याच्या तोंडात मावेल तो मासा त्याचं खाणं आहे, मग ते दोघे लहानपणापासून एकत्र वाढलेले का असेनात. दुसरी कसोटी साम्याची. सिक्लिड आपल्यासारख्या आकाराच्या आणि रंगाच्या माशाला प्रतिस्पर्धी समजतो, म्हणून सोबती दिसायला वेगळा हवा. तिसरी कसोटी जागेची. दोघांनी टाकीचा वेगवेगळा भाग वापरावा.

या तिन्ही कसोट्यांवर सेव्हरम चांगला उतरतो. वीस सेंटिमीटरच्या आसपासचा, उंच चपट्या अंगाचा, तुलनेने शांत. तो झाडं मात्र कुरतडतो. तळाशी जिओफेगस ठेवावेत. ते तोंडात वाळू घेऊन चाळतात आणि कल्ल्यांतून सोडून देतात, म्हणून त्यांना बारीक वाळूच हवी. खडी त्यांना चाळता येत नाही, तोंडंही सोलू शकतात. ते पाच-सहाच्या घोळक्यात ठेवा. एकटे-दुकटे असले तर आपसात दादागिरी करतात. वरच्या आणि मधल्या थरात सिल्व्हर डॉलरचा थवा हवा. हे सिक्लिड नाहीत, पण ते मोकळेपणाने फिरत असले की खालच्या माशांना आसपास धोका नाही असं वाटतं आणि ते लपणं सोडतात. सहा फुटांच्या टाकीत एक ऑस्कर, एक-दोन सेव्हरम, पाच जिओफेगस आणि सहा सिल्व्हर डॉलर म्हणजे टाकी भरली असं समजा. फिल्टर जोरदार लागेल आणि दर आठवड्याला पाण्याचा तिसरा हिस्सा तरी बदलावा लागेल.

दोन चुका नेहमी होतात. सफाईसाठी कोरीडोरस हा तळाशी चरणारा छोटा मासा आणला जातो. ऑस्कर तो गिळायला जातो, कोरीडोरसचे काटे घशात अडकतात आणि दोघेही मरू शकतात. दुसरी चूक साध्या प्लेकोची, म्हणजे काचेला चिकटून शेवाळ खाणाऱ्या माशाची. तोही ३० सेंटिमीटरच्या पुढे वाढतो आणि रात्री चपट्या माशांच्या अंगावरचा चिकट थर खरवडण्याची सवय त्याला लागू शकते.

मलावीसाठी गणित उलटं

अमेरिकी टाकीत मासे कमी ठेवायचे. म्बुनाच्या टाकीत थोडी दाटी मुद्दाम करायची, म्हणजे दांडगा नर एकाच माशाच्या मागे लागून राहत नाही, त्याचा राग अनेकांत वाटला जातो. अट एवढीच की फिल्टरला तो भार पेलवला पाहिजे. दर नरामागे तीन-चार माद्या ठेवा. दगड असे रचा की टाकीच्या एका टोकाकडून दुसरं टोक सरळ दिसणार नाही, कारण नजरेआड झालेल्या माशाचा पाठलाग तिथेच थांबतो. दगड आधी काचेच्या तळाशी नीट बसवा आणि वाळू नंतर ओता. हे मासे खणतात, आणि वाळूवर ठेवलेली रास ढासळली की तळाची काच तडकू शकते.

यलो लॅब हा म्बुनांतला सौम्य मासा, सुरुवातीला उत्तम. डेमासोनी दिसायला सुंदर, पण स्वजातीशी कडवा. ठेवायचे तर बारा-पंधरा एकदम ठेवा. ऑराटस नवीन माणसाने टाळावा, हे मी वर सोसून लिहिलंच आहे.

मलावीच्याच पीकॉक सिक्लिडची गोष्ट निराळी. त्यांच्या जातींच्या माद्या एकमेकींसारख्या करड्या दिसतात आणि वेगवेगळ्या जातींचा सहज संकर होतो. ज्याला रंगीत टाकी हवी आणि पिल्लं नकोत, त्याने फक्त नर ठेवावेत, प्रत्येक वेगळ्या रंगाचा एकच आणि मादी एकही नाही. मादी नसली की भांडणाचं मोठं कारण जातं. मला ही रचना फार आवडते.

खाणंही जुळायला हवं. टांगानिकाचे ट्रोफियस आणि बरेच म्बुना दगडांवरचं शेवाळ खरवडून खातात, त्यांचं आतडं लांब असतं. मांसाहारी माशांचं प्रथिनांनी भरलेलं खाणं त्यांना रोज मिळालं की पोट फुगण्याचा आजार होतो आणि तो बहुधा जिवावर बेततो. म्हणून ट्रोफियस आणि मांसाहारी फ्रंटोसा एका टाकीत नकोत.

काही मासे एकटेच ठेवावेत. फ्लॉवरहॉर्न, रेड डेव्हिल, पूर्ण वाढलेला जॅग्वार. मोठी टाकी आहे म्हणून त्यांना सोबत शोधू नका.

सोडण्याचा क्रम

नवा मासा चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा. मुख्य टाकीत अमोनिया आणि नायट्राइट ही घाणीतून तयार होणारी विषारी द्रव्यं शून्य असल्याशिवाय काही सोडू नका. सौम्य मासे आधी, दांडगे सगळ्यात शेवटी. शक्य असेल तर दोन-चार मासे एकदम सोडा, म्हणजे एकट्यावर सगळे तुटून पडत नाहीत. सोडण्याआधी दगडांची जागा बदला. जुन्यांच्या हद्दी मोडतात आणि त्यांनाही नव्याने जागा शोधावी लागते. जुन्या माशांना पोटभर खाऊ घाला आणि त्या दिवशी दिवा बंद ठेवा.

नंतरचे आठवडे

थोडा पाठलाग होणारच. पाठलाग करणारा थोड्या वेळाने परत फिरतो आणि दुसरा पुन्हा खायला येतो, तोवर चिंता नको. पण एखादा मासा वरच्या कोपऱ्यात थरथरत उभा असेल, पर अंगाला मिटून घेत असेल, रंग काळवंडला असेल किंवा सलग दोन दिवस खायला येत नसेल, तर वाट पाहू नका, त्याच दिवशी त्याला बाहेर काढा. शांत टाकीत अचानक दंगल सुरू झाली तर आधी दगडांच्या फटीत अंडी शोधा.

काढलेल्याला ठेवायला जागा हवी. १०० लिटरची एक रिकामी टाकी, तिच्यात कायम चालू असलेला स्पंज फिल्टर, आणि मोठ्या टाकीत सरकवता येईल अशी जाळीची आडभिंत, एवढं पहिला सिक्लिड आणण्याआधीच तयार ठेवा. जो मासा जमत नाही तो परत कोण घेईल, हे दुकानदाराला खरेदी करतानाच विचारा. नदीत किंवा तळ्यात मात्र कधीही सोडू नका. अमेरिकेत फ्लोरिडाच्या कालव्यांमध्ये ऑस्कर आज मोकळे वाढताहेत. तो तिथला मासा नव्हे, माणसानेच तिथे नेलेला आहे.