स्पोर्ट्स हॉलला बिनखांबाचं काँक्रीट छप्पर टाकायचंय? आधी कडा बघा

इनडोअर हॉल म्हटला की आपल्याकडे डायरेक्ट पत्र्याची शेड, मग पावसात रेफरीची शिट्टीसुद्धा ऐकू येत नाही. काँक्रीटचं पातळ छप्पर होऊ शकतं, फक्त ते सपाट नको, दोन आधारांमधल्या एवढ्या मोठ्या अंतरावर सपाट स्लॅब स्वतःच्याच वजनाने झोपतो.

आधी घरी करून बघा. ए-फोर कागद दोन ग्लासांवर आडवा ठेवा, वर मोबाईल ठेवला की धपकन खाली. त्याच कागदाच्या पंख्यासारख्या घड्या घाला, मोबाईल आरामात बसतो. वजन वाढवलं की घड्या पसरतात, दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावली की परत धरतात. खरी गंमत त्या चिकटपट्टीत आहे.

अमेरिकेतल्या इलिनॉय युनिव्हर्सिटीचा असेंब्ली हॉल (आताचं नाव स्टेट फार्म सेंटर, 1963, आर्किटेक्ट मॅक्स अब्रामोविट्झ) बघा, 400 फूट व्यासाचा घड्यांचा डोम, आत एक खांब नाही, आणि जाडी साधारण साडेतीन इंच! डोम कडेला बाहेर रेटतो म्हणून त्यांनी कडेच्या रिंगभोवती 614 मैल तार ताणून गुंडाळली, म्हणजे मुंबई-नागपूरपेक्षा जास्तच. लोहार बैलगाडीच्या चाकाला तापवलेली धाव चढवतो आणि ती गार होताना चाक आवळते ना, सेम तेच. म्हणून डिझाईनरला पहिला प्रश्न रिंग बीमचा (कडेच्या या गोल तुळईचा) विचारा, डोमचा नंतर.

उंची आधीच ठरवा. बास्केटबॉलला कोर्टवर 7 मीटर मोकळे लागतात, व्हॉलीबॉलच्या मोठ्या स्पर्धांना 12.5, आणि डोम कडेला उतरतो हे विसरून कोर्ट भिंतीला चिकटवू नका.

पैसा खातं ते सेंटरिंग, म्हणजे काँक्रीट घट्ट होईपर्यंत त्याला धरणाऱ्या फळ्या आणि टेकू. नेर्वी नावाच्या इटालियन इंजिनिअरची युक्ती मस्त आहे: फेरोसिमेंटचे (तारेच्या जाळीवर सिमेंट थापलेले) पातळ साचे खाली जमिनीवर ओतायचे, वर मांडायचे, मधल्या खाचांत सळई टाकून काँक्रीट भरायचं, साचे तिथेच छपरात राहतात. अमेरिकेत डार्टमथ कॉलेजचं लेव्हरोन फील्ड हाऊस (1962) त्याचंच काम.

सेंटरिंग काढायची घाई नको, क्यूब टेस्टचे (त्याच काँक्रीटचे ठोकळे दाबून ताकद बघतात, त्याचे) रिझल्ट हातात येऊ देत, आणि डोम असेल तर मधून सुरुवात करून थोडं थोडं कडेकडे सैल करत जा, एका बाजूचे सगळे टेकू काढले तर कवच तिरकं होऊन तडकतं.

घड्यांच्या पन्हाळीत पाणी साचतंच, तिथे उतार आणि वॉटरप्रूफिंग नीट करा. फक्त गच्चीसारखं पाणी तुंबवून टेस्ट करू नका, तेवढं वजन डिझाईनमध्ये धरलेलं नसतं, पाईपने पाणी सोडायचं आणि खाली उभं राहून ओल कुठे येते ते बघायचं.