परसातलं रान काढून लॉनसाठी जमीन कशी तयार करायची

लॉन लावायचं म्हटलं की सगळे आधी नर्सरीत जाऊन गवताचे भाव विचारतात. आम्हीपण तेच केलं. घरामागे साधारण 600 स्क्वेअर फूट जागा, कमरेएवढं रान माजलेलं, एका दिवसात जेसीबी फिरवून सपाट केलं, वर लाल माती टाकली आणि पंधरा दिवसात त्या मातीतून लव्हाळा असा वर आला की जणू तोच पेरला होता. पैसे गेले ते गेलेच. म्हणून सांगते, लेव्हलिंग नंतर, आधी तणाचा बंदोबस्त.

सुरुवात मार्चमध्ये करा, म्हणजे जूनमध्ये पाऊस पडला की लॉन लावता येतं. आधी काठी आपटत एक चक्कर मारा, विटांचा ढीग किंवा जुनी फरशी पडली असेल तर तिथे थेट हात घालू नका, साप असू शकतो. मग तण ओळखा. गाजर गवत, म्हणजे काँग्रेस गवत, हे पांढरी फुलं यायच्या आत मुळासकट उपटायचं, कारण एका झाडाचं बी हजारोंनी पडतं. हातमोजे आणि फुल बाह्यांचा शर्ट हवाच, या गवताने अंगावर पुरळ उठतं आणि ज्याला दम्याचा त्रास आहे त्याने तर लांबच राहावं. घाणेरीची झुडपं असतील तर पहारीने बुंधा काढा, नुसती छाटली तर दुप्पट फुटते.

आता खरा शत्रू, लव्हाळा. वरून साधं हिरवं गवत वाटतं, पण दांडी बोटात फिरवून बघा, तिधारी लागते. उपटला की पाती हातात येते आणि गाठ खालीच राहते, एका गाठीतून बारीक दोरा जातो, पुढे दुसरी गाठ, पुढे तिसरी. गाठ नखाने फोडली तर छान वास येतो, आयुर्वेदातला मुस्ता तो हाच, पण लॉनवाल्याला त्या सुगंधाचं काय कौतुक! याला उपाय म्हणजे ऊन. एप्रिलमध्ये टिकावाने नऊ-दहा इंच खणायचं, ढेकळं उलटी करून तशीच वाळू द्यायची, चार-पाच दिवसांनी परत पलटायची, आणि दिसतील त्या गाठी घमेल्यात वेचायच्या. या काळात पाणी अजिबात नाही. रोटाव्हेटर, म्हणजे माती भुसभुशीत करणारं यंत्र, मात्र ओल्या जमिनीत फिरवू नका, तो गाठींची साखळी तोडून सगळीकडे पसरवतो आणि मग प्रत्येक तुकडा नवा संसार मांडतो. वेचलेल्या गाठी कंपोस्टमध्ये टाकायच्या नाहीत, हे वेगळं सांगायला नको.

मग लेव्हल. वरची चार-सहा इंच चांगली माती बाजूला ओढून ठेवा, उतार खालच्या थराला द्या आणि ती माती परत वर पसरा, नाहीतर खालचा मुरूम वर येतो आणि त्यात गवत जीव धरत नाही. उतार कायम घरापासून लांब, दहा फुटाला दोन-अडीच इंच पुरे. गवंड्याकडे असते ती पारदर्शक लेव्हल ट्यूब मागून आणा, पाणी भरा, आत एकही बुडबुडा नको, दोन टोकांना दोन खुंट्या, पाण्याच्या खुणा करायच्या, खालच्या टोकाला हवा तेवढा उतार मोजून दोरी बांधायची. माती जोत्याच्या निदान सहा इंच खाली राहिली पाहिजे, वर चढवली तर भिंतीला ओल धरते. चेंबरचं झाकण गाडू नका, आंब्याच्या बुंध्याला माती चढवू नका, आणि खणायच्या आधी बोअरची पाईप आणि मोटरची केबल कुठून गेलीये ते विचारून घ्या, आमच्याकडे ती टिकावानेच सापडली.

माती विकत घ्यायची असेल तर हिशोब सोपा आहे, एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, म्हणजे 600 स्क्वेअर फुटावर चार इंच थर द्यायला दोन ब्रास. ट्रॉली रिकामी व्हायच्या आत मूठभर माती चाळून बघा, गाठी दिसल्या तर सरळ परत पाठवा, वाईटपणा आला तरी चालेल. शेणखत पूर्ण कुजलेलं, काळं, वास न येणारं घ्या, कच्च्या खतातून तणाचं बी फुकट येतं.

पसरून झालं की लगेच गवत लावू नका हो! पाणी मारा, माती बसू द्या, खड्डे दिसतील ते भरा. दहा-बारा दिवसात उरलेलं तण उगवतं, ते खुरप्याने वरच्यावर काढायचं, खोल नाही, नाहीतर खालचं बी परत वर येतं. असं दोनदा करा. तोवर रोहिणी संपून मृग लागतो.

पावसाची एक-दोन सर झाली, माती वापशावर आली, म्हणजे ओल आहे पण चिखल नाही, की लावणी. गवताच्या काड्या तीन-तीन इंचावर खोचल्या तर स्वस्त पडतं पण भरायला दोन-तीन महिने जातात, मातीसकट गवताची तयार लादी अंथरली तर लगेच हिरवं पण खर्च जास्त. लावल्यावर हलका रोलर फिरवा, रोलर नसेल तर फळी टाकून त्यावर चालत जा. पहिले पंधरा दिवस मुलांना आणि कुत्र्याला बाहेर ठेवा, आणि सकाळी चहा घेऊन एक चक्कर मारा, लव्हाळ्याची एखादी पाती दिसतेच, ती तेव्हाच खुरप्याने गाठीसकट काढा.