घाणेरीने वेढलेल्या उतारावर पुन्हा स्थानिक झाडे रुजवताना

येऊरच्या पायथ्याशी किंवा पारसिक डोंगरालगत वसलेल्या सोसायट्यांमागचे अनेक उतार घाणेरी, रानमोडी आणि सुबाभळीसारख्या बाहेरून येऊन फोफावलेल्या झाडाझुडपांनी गच्च भरलेले आहेत. ते सगळे एका दमात साफ करण्याचा मोह मात्र आवरावा. ठाण्यात वर्षाला साधारण २५०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या चारच महिन्यांत, आणि घाणेरी कितीही नकोशी असली तरी त्या काळात माती तिच्याच मुळांनी धरून ठेवलेली असते.

जागा वन विभागाची, सिडकोची की सोसायटीची हे आधी पाहून लेखी परवानगी घ्यावी; सुबाभूळ तोडण्यासाठीही महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज करावा.

पावसाचा जोर ओसरला की उताराला आडवे, सुमारे दोन मीटर रुंदीचे पट्टे आखावेत आणि एक सोडून एक पट्टाच साफ करावा. घाणेरी वरून छाटल्यास दुप्पट जोमाने फुटते, म्हणून तिचे सोटमूळ जमिनीखाली तीन ते पाच सेंटिमीटरवर तोडून झुडूप उलटे ठेवावे. रानमोडी हिवाळ्यात फुलते आणि तिचे बी वाऱ्यावर पसरते, त्यामुळे ती ऑक्टोबरपर्यंत उपटून घ्यावी. फळे नसलेल्या वाळक्या फांद्या पट्ट्याच्या खालच्या कडेला आडव्या रचल्या की वाहून येणारी माती तिथे अडते. तीव्र उतारावर पाणी जिरवण्यासाठी चर मात्र खणू नयेत. मुरलेल्या पाण्यानेच दरड सुटण्याचा धोका असतो.

लागवडीत मोठ्या वृक्षांची घाई नको. आधी कारवी, करवंद, धायटी, कुडा, निरगुडी यांनी जमीन झाकू द्यावी. पांगारा आणि शिमटी यांच्या मनगटाएवढ्या फांद्या पावसाच्या तोंडावर खोल रोवल्या तरी जगतात, हा या कामातला मला सर्वांत भरवशाचा वाटणारा उपाय आहे. करवंदाचे बी मे महिन्यात फळातून काढल्याबरोबर पेरावे. बहाव्याच्या बियांचे कवच कठीण असल्याने ते थोडे घासून घ्यावे. रोपे जमीन चांगली भिजल्यावर लावावीत. बहावा, काटेसावर, ऐन यांची पाळी दुसऱ्या पावसाळ्यात येते, आणि राखून ठेवलेले पट्टेही नव्या झुडपांनी मूळ धरल्यावरच साफ करावेत.

गवताचे बी गळून गेल्यावर, डिसेंबर-जानेवारीत, कडेने जाळरेषा, म्हणजे वणवा अडवणारी गवत काढलेली मोकळी पट्टी, काढावी, कारण एका वणव्यात दोन वर्षांची रोपे जातात. सुबाभळीचे बी मातीत वर्षानुवर्षे टिकते. तिची कोवळी रोपे दर पावसाळ्यात हाताने उपटत राहावे लागते.