बेताचा पगार, लहान मूल आणि वर्षाच्या तारखा

आमची मुलगी वर्षाची झाली त्या एप्रिल महिन्यात वर्षाचा गहू, विम्याचा हप्ता आणि जावळाचा कार्यक्रम असे तीन खर्च एकाच पंधरवड्यात आले आणि धाकट्या दिरांकडून उसने पैसे घेण्याची वेळ आली. त्या तिन्हींपैकी एकही खर्च अचानक उद्भवलेला नव्हता. आमच्या इंदूरमध्ये बहुतेक घरांत गहू दरवर्षी एप्रिल-मे महिन्यांतच भरला जातो, विम्याच्या हप्त्याची तारीख पावतीवर छापलेली होती आणि जावळ काढायचे हे मुलगी जन्मल्यापासून ठरलेले होते. ते उसने पैसे फेडायला आम्हांला पाच महिने लागले आणि त्या पाच महिन्यांत घरखर्चाची जी पद्धत आम्ही बसवली, ती येथे सविस्तर लिहीत आहे, कारण पाच वर्षांखालील मूल असलेल्या कोणत्याही घराला ती थोड्याफार फरकाने लागू पडेल.

पहिले काम खर्च कमी करण्याचे नाही, तर महिन्याला खरोखर हाती किती पैसा आहे हे ठरवण्याचे आहे. एक वही घेऊन तिच्या बारा पानांवर बारा महिन्यांची नावे लिहावीत आणि वर्षातून एकदा किंवा दोनदाच येणारा प्रत्येक खर्च त्या त्या महिन्याच्या पानावर मांडावा. आमच्या वहीत या वर्षी गव्हाचे ४,५००, बालवाडीचा प्रवेश व फी १२,०००, थंडीचे कपडे १,५००, वाढदिवस ३,०००, डॉक्टर व औषधे ६,०००, दिवाळी ५,००० आणि विमा ४,००० अशा रकमा आहेत, म्हणजे एकूण ३६,००० रुपये. बाराने भागल्यावर महिन्याचे ३,००० येतात. घरात येणारा पगार २४,००० असला, तरी आमचा खर्चण्याजोगा पगार २१,००० आहे, ही गोष्ट एकदा मनाने मान्य केली की पुढचे पुष्कळसे प्रश्न सोपे होतात. पगार जमा झाला त्याच दिवशी ते ३,००० रुपये दुसऱ्या बचत खात्यात वळते करावेत. त्या खात्याचे एटीएम कार्ड पाकिटात बाळगू नये आणि ते खाते मोबाईलवरून पैसे देण्याच्या अॅपलाही जोडू नये.

या कामासाठी भिशी वापरावी का, असे मला अनेक मैत्रिणी विचारतात. भिशीने हाताला शिस्त लागते हे खरे आहे, परंतु आपला क्रमांक केव्हा लागेल ते आपल्या हाती नसते, आणि मुलाला मध्यरात्री ताप चढल्यावर सहा महिन्यांनी मिळणाऱ्या रकमेचा काही उपयोग होत नाही. पलंग किंवा कपाट घ्यायचे असेल तर भिशी ठीक आहे. डॉक्टरांचे आणि शाळेचे पैसे तिच्यात गुंतवू नयेत.

उरलेल्या २१,००० ची आमची वाटणी अशी आहे. राजेंद्र नगरातील दोन खोल्यांचे भाडे ७,०००, वीज आणि गॅस १,५००, किराणा ४,५००, दूध १,९००, भाजी व फळे २,४००, पेट्रोल व बस १,२००, मोबाईल ४०० आणि मुलीचे साबण, तेल, डायपर वगैरे ९००. हे सगळे मिळून १९,८०० होतात आणि १,२०० रुपये शिल्लक राहतात. ज्या महिन्यात ही शिल्लक उरत नाही, त्या महिन्यात ती नेमकी कोठे गेली हे वहीत शोधण्याचे काम आम्ही दोघे एकत्र बसून करतो. हिशेब एकट्या बाईने ठेवायचा आणि पैसे कमी पडले की तिलाच विचारायचे, ही जुनी रीत सोडून द्यावी, कारण ज्याने वही पाहिलेली नसते त्याला दर महिन्याला खर्च वाढल्यासारखाच वाटतो.

आता वर्षाच्या तारखांपैकी ज्या सर्वांत जड जातात त्यांच्याकडे वळू. आपल्याकडे बारसे, उष्टावण, जावळ, पहिला वाढदिवस आणि संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत केव्हाही होणारे बोरन्हाण असे पाच प्रसंग दीड-दोन वर्षांत येतात, आणि त्यांतील एकही टाळावा असे मी म्हणणार नाही. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या मुलांना मराठी घराची ओळख याच प्रसंगांतून होते. मात्र प्रत्येक प्रसंगाला जेवणावळ घालण्याची आवश्यकता नाही. बोरन्हाणाला लागतात ती बोरे, कुरमुरे, उसाचे करवे, थोडे तिळगूळ आणि आळीतली दहा-बारा मुले. हलव्याचे दागिने तर एका घरातून दुसऱ्या घरात सहज जातात. आमच्या मुलीने घातलेले दागिने मावसजावेकडून आले होते आणि पुढच्या वर्षी ते शेजारच्या मुलाच्या अंगावर होते. पाचांपैकी एकाच प्रसंगाला सगळ्यांना जेवायला बोलवावे, बाकीचे चार घरच्या माणसांत करावेत आणि कोणता प्रसंग मोठा करायचा हे सासर-माहेर दोन्हीकडे आधीच सांगून टाकावे.

आहेराबद्दलही स्पष्ट बोलावे. सहा महिन्यांच्या मुलाला एका दिवशी त्याच मापाचे अकरा झबले-फ्रॉक मिळतात आणि पुढच्या थंडीला स्वेटर मात्र विकत आणावा लागतो. आत्या, मामा किंवा मावशी स्वतःहून विचारतात तेव्हा "काही नको" असे उत्तर न देता, "पुढच्या वर्षीच्या मापाचा स्वेटर द्या" किंवा "पावसाळ्यासाठी सुती दुपटी द्या" असे सांगण्यात कसलाही कमीपणा नाही. ज्यांना रोख द्यायची असेल त्यांचे पैसे मुलाच्या नावाच्या खात्यात जमा करावेत आणि त्यांना तसे कळवावे. देणाऱ्यालाही त्याचा आनंद होतो.

गहू वर्षाचा भरण्याची रीत आर्थिकदृष्ट्या चांगली आहे. एका छोट्या कुटुंबाला साधारण दीड क्विंटल पुरतो. परंतु रांगणारे मूल घरात असताना धान्य टिकवण्याच्या पद्धतीबाबत अत्यंत सावध राहिले पाहिजे. बाजारात धान्यात ठेवण्यासाठी अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या मिळतात. हवेतील ओलाव्याशी संयोग होऊन त्यांतून फॉस्फीन हा विषारी वायू निघतो आणि राहत्या घरात तो जीवघेणा ठरतो. त्या गोळ्या घरात मुळीच आणू नयेत. पाऱ्याच्या गोळ्याही मुलाच्या हाताशी असू नयेत. गव्हाला कडक ऊन द्यावे, तो पूर्ण गार झाल्यावर एरंडेलाचा हलका हात लावावा, कोठीत वाळलेला कडुनिंबाचा पाला घालावा आणि झाकण घट्ट बसवावे; एवढ्याने आमचा गहू पुढच्या एप्रिलपर्यंत टिकतो.

इतर किराण्यासाठी सियागंजातील घाऊक बाजार उपयोगी आहे, पण एकट्या कुटुंबाने तेथे जाऊन पंधरा किलो डाळ आणण्यात अर्थ नाही. आम्ही तीन घरे मिळून दर दोन महिन्यांनी जातो आणि सामान वाटून घेतो. चोइथराम मंडी आम्हांला जवळ असल्याने कांदे, बटाटे आणि लसूण तेथून येतो. पालेभाजी मात्र दारावरच्या गाडीवरूनच घ्यावी, कारण मंडीतून स्वस्तात आणलेली मेथी तिसऱ्या दिवशी टाकून द्यावी लागली की ती महागच पडते.

मुलाच्या खाण्यात काटकसर करू नये, आणि मी हे आग्रहाने सांगते, त्याच्या आईच्याही खाण्यात करू नये. अनेक घरांत पैसे कमी पडले की पहिल्यांदा आईचे दूध-फळ बंद होते आणि अंगावर पाजणारी बाई चहा-पोळीवर दिवस काढते. काटकसरीला जागा आहे ती डब्याबंद पदार्थांत. पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाखेरीज काहीही, अगदी पाणीसुद्धा, लागत नाही. सहा महिन्यांनंतर तांदूळ दोन भाग आणि मूगडाळ एक भाग धुऊन, वाळवून, मंद आचेवर भाजून केलेली भरड आठवडाभर पुरते. ती शिजवून वर थोडे तूप घातले की महागड्या डब्याची गरज राहत नाही. मऊ वरणभात, कुस्करलेले केळे, शिजवलेला भोपळा, ज्या घरात चालते तेथे अंडे, हे सगळे स्वस्त आणि पौष्टिक अन्न आहे. पहिल्या वर्षात मीठ, साखर घालू नये आणि मध तर अजिबात देऊ नये. वर्षानंतर गाईचे दूध सुरू करता येते, पण दिवसाला अर्धा लिटरपेक्षा अधिक दूध पाजू नये, कारण पोट दुधानेच भरले की मूल जेवत नाही आणि त्याला लोह कमी पडते. अर्धा लिटर वाचवून त्या पैशांत खजूर, गूळ आणि शेंगदाण्याचे कूट आणावे. अख्खे शेंगदाणे मात्र लहान मुलाच्या श्वासनलिकेत अडकू शकतात, म्हणून ते पाच वर्षांपर्यंत देऊ नयेत.

डायपरचा हिशेब प्रत्येकाने एकदा कागदावर करून पाहावा. दिवसाला सहा आणि प्रत्येकी दहा रुपये धरले तर महिन्याचे १,८०० रुपये होतात. घरात असताना जुन्या धोतराचे किंवा सुती साडीचे लंगोट आणि रात्री व प्रवासात मिळून दोन डायपर, असे केले तर तोच खर्च ६०० वर येतो. पावसाळ्यात लंगोट वाळत नाहीत, तेव्हा जुलै-ऑगस्टसाठी डायपरचे थोडे अधिक पैसे वहीत आधीच मांडून ठेवावेत. ओले लंगोट बाळाला बांधून केलेली बचत पुढे मलमात जाते.

आरोग्यावरचा खर्च कमी करण्याचा सर्वांत मोठा मार्ग लसीकरणाचा आहे. जन्मतः बीसीजी, पोलिओ आणि हिपॅटायटिस बी, त्यानंतर सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या पेंटाव्हॅलंट व रोटाव्हायरस लसी, नऊ महिन्यांनंतर गोवर-रुबेला, या राष्ट्रीय कार्यक्रमातील सर्व लसी सरकारी दवाखान्यांत आणि लसीकरण सत्रांत विनामूल्य मिळतात. कांजिण्यांसारख्या त्या कार्यक्रमाबाहेरच्या लसींविषयी डॉक्टरांना विचारावे आणि त्या घ्यायच्या ठरल्या तर त्यांची तारीख व रक्कम वहीत मांडावी. जुलाब झाल्यावर साखरेची तयार पेये न आणता ओआरएसचे साधे पाकीट आणावे, त्यावर लिहिलेल्या मापाच्याच पाण्यात मिसळावे आणि झिंक डॉक्टर सांगतील तितके दिवस पूर्ण द्यावे. नेहमीची औषधे जनौषधी केंद्रात पुष्कळ स्वस्त पडतात. मात्र बाळ सुस्त पडले असेल, पाजल्यावर पीत नसेल, जोरजोराने श्वास घेत असेल किंवा त्याला झटके येत असतील, तर वही बंद करून तत्काळ दवाखाना गाठावा.

विजेच्या बिलातही एक मर्यादा दडलेली आहे. मध्य प्रदेशात अटल गृह ज्योती योजनेखाली महिन्याचा वापर १५० युनिटांपर्यंत राहिल्यास पहिल्या १०० युनिटांचे १०० रुपयेच आकारले जातात; मर्यादा ओलांडली की ती सवलत त्या महिन्यापुरती जाते. म्हणजे दिवसाला पाच युनिटे. आम्ही उन्हाळ्यात दर रविवारी मीटर पाहून आकडा लिहितो आणि कूलर मुलीच्या झोपेच्या वेळी लावून इस्त्री, गिझर अशा गोष्टींवर हात आखडतो.

कागदपत्रांची कामे पहिल्या वर्षातच उरकावीत, कारण उशिराचा भुर्दंड पैशाने नाही तर हुकलेल्या संधीने भरावा लागतो. जन्मनोंदणी २१ दिवसांच्या आत विनाशुल्क होते. त्यानंतर मुलाचे नाव समग्र आयडीत (मध्य प्रदेश शासनाच्या कुटुंब व सदस्य ओळख क्रमांकात) आणि असल्यास रेशनकार्डात चढवावे. अंगणवाडीत नाव घातल्यास सहा महिन्यांपासून पूरक पोषण आहार मिळतो आणि वजनाची नोंद ठेवली जाते. तेथे जाण्यात संकोच वाटण्याचे काहीच कारण नाही. मुलगी असल्यास तेथेच मध्य प्रदेश शासनाच्या लाडली लक्ष्मी योजनेची चौकशी करावी. पात्र मुलीला सहावीत २,०००, नववीत ४,००० अशा टप्प्यांनी मदत मिळते आणि मोठी रक्कम ती २१ वर्षांची झाल्यावर. आई-वडील आयकर भरणारे नसावेत ही तिची एक अट आहे. शाळेच्या बाबतीत, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार खासगी विनाअनुदानित शाळांच्या प्रवेशवर्गात दुर्बल व वंचित गटांतील मुलांसाठी २५ टक्के जागा असतात, आणि मध्य प्रदेशात त्या ऑनलाइन सोडतीने भरल्या जातात. आपण त्या गटांत बसत असाल तर जन्मदाखला, समग्र आयडी आणि राहत्या पत्त्याचा पुरावा आधीच एका फायलीत लावून ठेवावा, कारण अर्जाची मुदत थोड्याच दिवसांची असते.

हप्त्यावर मोबाईल किंवा फ्रिज घेण्याचा मोह या काळात फार होतो. आमचा नियम असा आहे की ज्या वस्तूचा हप्ता शिलकीच्या १,२०० रुपयांत बसत नाही ती आणायची नाही, आणि बसत असला तरी मागील वस्तूचा हप्ता संपेपर्यंत थांबायचे.

मुलीच्या नावाने सुकन्या समृद्धी खाते टपाल कार्यालयात २५० रुपयांत उघडता येते आणि वर्षाला किमान तेवढेच भरणे बंधनकारक आहे. मुलगी दहा वर्षांची होण्याआधी ते उघडावे लागते. मुलगा असल्यास वर्षाला किमान ५०० रुपयांवर पीपीएफ (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी) खाते चालते. परंतु दोन महिन्यांचा घरखर्च दुसऱ्या खात्यात साठेपर्यंत येथे किमान रकमेपेक्षा अधिक भरू नये, कारण या दोन्ही खात्यांतील पैसे गरजेच्या वेळी सहज हाती येत नाहीत. आमचा तो दोन महिन्यांचा साठा अजून पुरा झालेला नाही. वहीच्या शेवटच्या पानावर त्याचा आकडा दर महिन्याच्या एक तारखेला लिहितो, आणि या महिन्यात तो २३,४०० आहे.