बंड्याने बाग शिकवली

पावसाच्या तोंडावर गुलाबांना एरंडीची पेंड घातली आणि दुसऱ्या दिवशी आमचा कुत्रा बंड्या उलट्या करत पडला. वाफा उकरून त्याने पेंडच खाल्ली होती. डॉक्टरांनी सलाईन लावलं, तिसऱ्या दिवशी शेपूट हलली. एरंडीच्या बीत रिसिन हे विष असतं. पेंडीवर नीट प्रक्रिया झाली नसेल तर ते तिच्यात उरतं, आणि कुत्र्यांना तिचा वास भारी आवडतो. २० वर्षं बाग करतोय, पण हे ठाऊक नव्हतं!

पेंड बंद, आता फक्त घरचं कंपोस्ट. मग एकेक झाड तपासत सुटलो. कुंपणाची कण्हेर आजीने पूजेसाठी लावलेली, पण तिचं पान-फूल-खोड सगळंच हृदयाला घातक. हातमोजे घालून मुळासकट काढली. जाळली मात्र नाही, धूरही बाधतो. तिथे जास्वंद आली, तरी आई दोन दिवस बोलली नाही. तशीच विषारी सायकसची (ताडासारख्या शोभेच्या झाडाची) कुंडीही गेली. गोगलगायी मारायच्या विषारी गोळ्या टाकणं सोडलं. रात्री बॅटरी घेऊन गोगलगायी हाताने वेचतो.

बंड्याची उकरायची खोड काही जाईना, ओरडून तर मुळीच नाही. शेवटी आंब्याखाली ४ बाय ३ फुटांचा खड्डा करून वाळू भरली आणि त्यात त्याचा चेंडू पुरला. दोन आठवड्यांत बहुतेक वाफे सुटले. दुपारी वाळूवर पाणी शिंपडलं की तिथेच पोट टेकून घोरतो.

मोगऱ्याचा वाफा मात्र अजून त्याच्याच नावावर आहे.