चावीतला सेल बदलताना या चुका टाळा

गाडीच्या अगदी जवळ जाऊन बटण दाबावं लागतं, कधी तीनदा दाबल्यावर लॉक उघडतं, काही गाड्यांत मीटरवर तसा इशाराही येतो. चावीतला सेल संपत आला की असंच होतं. तो घरी बदलावा, पाच मिनिटांचं काम आहे. पण नवा सेल टाकूनही चावी मुकीच राहिली, तर सेलला दोष देण्याआधी आपण ती उघडली कशी आणि आत टाकलं काय, ते तपासा.

पहिली चूक दुकानात होते. "गाडीच्या चावीचा सेल द्या" एवढ्यावर भागत नाही. जुन्या सेलच्या पाठीवर नंबर कोरलेला असतो, तोच मागा. सीआर २०३२ म्हणजे २० मिमी रुंद आणि ३.२ मिमी जाड. सीआर २०२५ तेवढाच रुंद, पण जाडी २.५ मिमी. दोन्ही ३ व्होल्टचे, त्यामुळे २०३२ च्या जागी २०२५ टाकला तर चावी टेबलावर चालतेसुद्धा. खिशात गेली, जरा हलली, की बंद. मग लोक कागदाची घडी सारून तो घट्ट करतात. तसं करू नका, योग्य सेल आणा. उलट २०२५ च्या जागी २०३२ दाबला, तर आतली पितळी पत्री वाकते आणि पुढे बरोबर सेलही धड टेकत नाही. एलआयआर २०३२ दिसायला सारखाच असतो, पण तो चार्जिंगचा, पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्टपर्यंत जातो. चावीसाठी तो नकोच. सुटा सेल घेऊ नका, पाकीटबंद घ्या आणि तारीख बघा.

उघडताना

आधी चावीत लपलेलं धातूचं पातं बाहेर काढा. बऱ्याच चाव्यांत झाकणाची खाच त्याच्याच जागेत सापडते. तिथे स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळून हळूच पीळ द्या. सुरी घालू नका, प्लास्टिकचे कान तुटतात आणि हातही कापतो. सेल काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या, कारण अधिकची (+) बाजू वर की खाली हे प्रत्येक चावीत वेगळं असतं. धातूच्या चिमट्याने सेल धरू नका, दोन्ही बाजू एकदम जोडल्या जातात.

पात्याच्या घडीच्या चावीबद्दल मात्र जास्त सांगायला हवं, कारण इथे मी स्वतः फसलो आहे. गॅलरीत उभ्या उभ्या चावी उघडली, सेल बदलला, झाकण दाबलं. लॉक झकास उघडलं. स्टार्टर फिरला, पण इंजिन काही धरेना. संध्याकाळभर पेट्रोलपासून बॅटरीपर्यंत सगळ्यांवर संशय घेतला. सकाळी केर काढताना कुंडीच्या कडेला अर्ध्या शेंगदाण्याएवढा काळा तुकडा सापडला. तीच इमोबिलायझरची, म्हणजे चोरी रोखणाऱ्या यंत्रणेची चिप. काही चाव्यांत ती सर्किटवर नसते, कवचाच्या खोबणीत वेगळी बसवलेली असते. तिला सेल लागत नाही, इग्निशनभोवतीच्या कॉइलमधून तिला वीज मिळते. ती नसेल तर गाडी चावी ओळखत नाही. म्हणून चावी ताटात ठेवूनच उघडा. नवं कव्हर घालत असाल, तर जुनं फेकण्याआधी त्याच्या खोबणीत बोट फिरवून बघा.

चिपला सेल लागत नाही, म्हणूनच सेल पूर्ण मेला तरी लगेच टोइंगला फोन करू नका. पात्याने दार उघडा. बटण स्टार्टची गाडी असेल, तर अनेक मॉडेलमध्ये चावी स्टार्ट बटणाला टेकवून, ब्रेक दाबून गाडी चालू होते. काहींत त्यासाठी कन्सोलमध्ये ठरावीक जागा असते, ती मॅन्युअलमध्ये दाखवलेली असते.

तरीही चालत नसेल तर

दुसरी चावी आणून बघा. दोन्हींनी लॉक उघडत नसेल, तर आधी गाडीची १२ व्होल्टची बॅटरी तपासा. एकच बंद असेल, तर पत्री नखाने किंचित वर करा. पावसात भिजलेल्या चावीत पत्रीवर हिरवा थर बसतो, तो आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कानाच्या काडीने पुसा आणि पूर्ण वाळल्यावरच सेल घाला. काही सेलवर मुलांनी तोंडात घालू नये म्हणून कडू लेप असतो, तोही कधी संपर्क अडवतो. त्याच अल्कोहोलने सेलची कडा पुसून वाळू दिली की बहुधा काम होतं.

आता टेबलावर पडलेला जुना सेल. चावीला तो पुरत नसला, तरी त्यात वीज उरलेली असते. लहान मुलाने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत आत गंभीर भाजू शकतं. गिळल्याचा नुसता संशय आला तरी उलटी करवू नका, वाट पाहू नका, मूल थेट इस्पितळात न्या आणि एक्स-रे काढायला सांगा. म्हणून जुना सेल काढल्याकाढल्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा आणि ई-कचऱ्यात जाईपर्यंत मुलांचा हात पोचणार नाही अशा उंच कपाटात, झाकणाच्या डबीत ठेवा.